पुंडलिकाच्या घरची चूल

आमच्या दिंडीत एक माळकरी आहेत. सत्तावीस वर्षे त्यांची आषाढी चुकली नव्हती. गेली तीन वर्षे मात्र ते आले नाहीत. आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवे अंग गेले आणि म्हातारी अंथरुणाला खिळली. पहिल्या वर्षी आम्ही म्हटले, पुढल्या वर्षी येतील. दुसऱ्या वर्षी त्यांची पताका दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. तिसऱ्या वर्षी त्यांची आठवण काढणारेही कमी झाले.

गेल्या कार्तिकीहून परतताना मी वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेलो. प्रसाद दिला. म्हातारीच्या कपाळी बुक्का लावला, तेव्हा तिने डाव्या हाताने माझे बोट धरले ते सोडीचना.

माळकऱ्यांनी मला ओसरीवर नेले आणि हळूच विचारले, "महाराज, तालुक्याच्या गावी वृद्धाश्रम निघालाय. पैसे भरले की माणूस ठेवून घेतात. वारीपुरतं वीस दिवस आईला तिथं ठेवलं, तर पाप लागेल का?"

यावर कोणीही कीर्तनकार जे उत्तर देईल तेच मी दिले. म्हटले, बाबा, ज्याच्यासाठी आपण पंढरीला जातो, तो तिथे कोणासाठी आला? आईबापांचे पाय चेपीत बसलेल्या एका मुलासाठी. त्या मुलाने देवालासुद्धा वीट फेकून थांबविले. तुमची वारी या खाटेपाशीच पोहोचते आहे. गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी आले. खरे सांगायचे तर, आपण फार चांगले बोललो असे मलाही वाटले.

तोच आतून चुलीपाशी बसलेल्या सूनबाई बोलल्या, "महाराज, एक विचारू? पुंडलिकाच्या घरी सैपाक कोण करत हुतं?"

मला आधी ती थट्टा वाटली. मग उत्तर शोधू लागलो, तर सापडेना. काशीच्या वाटेवर पुंडलिकाने बायकोला घोड्यावर बसविले आणि म्हाताऱ्यांना पायी चालविले, असे आपण कीर्तनात रंगवून सांगतो. तेथवर ती बाई कथेत आहे. पुंडलिकाला उपरती झाली की ती कथेतून नाहीशी होते. पाय तो चेपीत होता, कबूल. पण पेज कोणी शिजविली, अंथरूण कोणी धुतले, हे इतकी वर्षे कीर्तने करून मी एकदाही सांगितलेले नाही. पापाच्या वाटेवर तिला घोडा दिला आणि पुण्याच्या वेळी तिचे नाव गाळले!

त्या घरातले सांगतो. म्हातारीची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. भरविणे, पुसणे, लुगडे बदलणे, घाण काढणे, हे सारे सूनबाई करतात. माळकरी दिवसा शेतावर असतात. संध्याकाळी येऊन आईपाशी बसतात, हरिपाठ म्हणतात, पाय चेपतात. त्यांची माया खोटी नाही, तसूभरही नाही. पण गावात नाव त्यांचे झाले आहे. सूनबाईंचीही वारी तीन वर्षे चुकली, त्याही माळकरी. ती कोणी मोजली नाही. मीही मोजली नव्हती.

घरी परतल्यावर हा प्रश्न सुटेना. म्हातारीने आपल्या घरी, आपल्या तुळशीच्या नजरेत राहावे, हे बरोबरच. पण त्यासाठी एका बाईची हाडे झिजावीत, हे बरोबर कसे? आणि ती झिजू नयेत म्हणून म्हातारीला परक्या खाटेवर नेऊन टाकावे, हेही कसे? या दोहोंच्या मधली वाट कोणी काढली आहे काय?

माझा भाचा जर्मनीत नोकरीस आहे. तो मागे सांगत होता, "मामा, माझ्या पगारातून दर महिन्याला म्हाताऱ्यांच्या सेवेसाठी पैसे कापतात. कोणाच्या म्हाताऱ्यांच्या, तर सगळ्यांच्याच." तेव्हा मी हसण्यावारी नेले होते. आता त्याला बसवून सगळे विचारले, आणि पुढे जे मिळाले ते वाचले.

त्या देशात १९९४ साली एक कायदा झाला आणि १ जानेवारी १९९५ पासून प्रत्येक पगारदाराकडून सेवा-विम्याची वर्गणी घेणे सुरू झाले. त्याआधी काय होत असे? म्हातारा माणूस परावलंबी झाला की सेवागृहात जाई. तेथल्या खर्चात जन्माची पुंजी संपे. आणि शेवटी तो सरकारी गरीब-मदतीवर येई. आयुष्यभर घाम गाळलेल्या माणसाने शेवटच्या दिवसांत हात पसरायचा! हे बंद व्हावे म्हणून ही वर्गणी. आरंभी ती पगाराच्या शेकडा १ होती, २०२५ साली ३.६ झाली, साधारण अर्धी मालक भरतो. ज्यांना मूलबाळ नाही त्यांना थोडी जास्त पडते. त्यामागचा हिशेब असा, की आज मुले वाढविणारा माणूस उद्याचे वर्गणीदारच वाढवीत असतो.

आता यातली एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम ऐकावी. मालकांवर हा नवा बोजा पडणार, तर तो भरून कसा काढावा, असा प्रश्न आला. उत्तर असे निघाले, की वर्षातली एक सुटी कमी करून एक दिवस जास्त काम करावे. कोणती सुटी? नोव्हेंबरात एका बुधवारी तेथील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा पश्चात्तापाचा व प्रार्थनेचा दिवस येतो. ती सुटी १९९५ पासून रद्द झाली. एका सॅक्सनी प्रांताने ती सोडली नाही, म्हणून तेथील नोकरदार वर्गणीचा मोठा वाटा स्वतः भरतात. धर्ममंडळींना हे आवडले नव्हते, आणि त्यांची बाजू अगदीच पोकळ होती असेही मी म्हणणार नाही. दुसरी एखादी सुटी कापता आली असती. पण प्रार्थनेचा एक दिवस म्हाताऱ्यांच्या खाटेपाशी नेऊन ठेवला, या गोष्टीकडे पाहिले की मला चंद्रभागेच्या काठची ती वीटच आठवते. त्यांना आपली कथा ठाऊक नसेल, पण देवाला थांबविले त्यांनीही.

त्या कायद्याच्या तिसऱ्याच कलमात म्हटले आहे, की घरच्या सेवेला अग्रक्रम द्यावा. पैसे देण्याचा क्रमही तसाच लागला. घरी राहणाऱ्यांची मदत एप्रिल १९९५ मध्ये सुरू झाली. सेवागृहांत असलेल्यांची जुलै १९९६ मध्ये. आधी घर, मग संस्था. तपासनीस माणूस घरी येऊन पाहतो, की या आजीला स्वतः उठता येते काय, खाता येते काय, तिला दिवस-रात्र कळते काय. आणि पाच पायऱ्यांतली एक ठरवितो. मग घरच्यांनी निवड करायची. शिकलेली नर्सबाई रोज घरी यावी, तिचा खर्च विम्याने परस्पर द्यावा, हा एक मार्ग. किंवा घरच्याच माणसाने सेवा करावी व भत्ता रोख घ्यावा, हा दुसरा. थोडे हे, थोडे ते, असेही चालते. रोख भत्ता २०२५ साली दुसऱ्या पायरीला महिना ३४७ युरो होता, तिसऱ्या पायरीला ५९९, शेवटच्या पायरीला ९९०. २०२३ च्या अखेरीस त्या देशात ५७ लाख माणसे अशी परावलंबी होती. त्यांतली सुमारे ४९ लाख घरीच होती, आणि ३१ लाखांची सेवा मुख्यतः नातेवाईकच रोख भत्त्यावर करीत होते.

येथे आमच्या माळकऱ्यांची शंका येते. मी त्यांना फोनवर हे सारे सांगितले तेव्हा ते तडकून म्हणाले, "आईच्या सेवेचे पैसे घेऊ? मग मी मुलगा कशाचा, गडीच झालो की."

शंका लहान नाही. पैशाने भाव बाटतो, हे आपण सगळेच मानतो. कीर्तनाची बिदागी घेऊ नये असे म्हणणारे थोर लोक आपल्या संप्रदायात होऊन गेले आहेत, आणि बिदागी घेणारा मी त्यांच्यापुढे मान खाली घालतो. पण या भत्त्याची बांधणी नीट पाहावी. तो मुलाच्या नावाचा नसतो, आईच्या नावाचा असतो. सरकार मुलाला मजुरी देत नाही; आईच्या हाती काही ठेवते, आणि ते कोणाला द्यायचे हे आई ठरविते. जिचा उजवा हात गेला तिला देण्यापुरता एक हात परत मिळतो. अंथरुणावरच्या माणसाला सगळ्यांत काय खात असते, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांना ठाऊक आहे. दुखणे नव्हे. घेतच राहावे लागते, हे खाते. आपली म्हातारी बोलू शकत असती तर सुनेच्या हातावर दोन पैसे ठेवून, "जा, बांगड्या भर," म्हणाली असती. त्याने सून मोलकरीण झाली असती काय?

दुसरी गोष्ट मोजण्याची. तेथे २०१७ पर्यंत सेवा मिनिटांत मोजीत. आंघोळीला इतकी मिनिटे, केस विंचरायला इतकी. दिवसाची ९० मिनिटे भरली तर खालची पायरी मिळे. याची पुष्कळ टिंगल झाली, आणि योग्यच झाली. विस्मरण झालेली आजी हातापायांनी धड असते. तिला भरवायला वेळ लागत नाही, पण तिच्यावरची नजर दिवसभर हलविता येत नाही. ही नजर मिनिटांत बसेना. शेवटी २०१७ साली पद्धत बदलली. मला यातून एवढेच कळते, की माया मोजायला जाऊ नये. पण थकवा मोजता येतो, आणि तो मोजलाच पाहिजे. सूनबाईंच्या मायेचा हिशेब विठ्ठल ठेवील. त्यांच्या पाठदुखीचा हिशेब कोणी तरी माणसाने ठेवायला हवा. जर्मनीत, घरी आठवड्याला ठरावीक तास सेवा करणाऱ्या नातेवाइकाची म्हातारपणाच्या पेन्शनची वर्गणी विमा भरतो. तिने सेवेपायी नोकरी सोडली, तर तिचे स्वतःचे म्हातारपण उघड्यावर पडू नये म्हणून. आणि सेवा करणाऱ्याला सुटी हवी असेल, तर वर्षातून आठ आठवड्यांपर्यंत बदली माणसाचा खर्च, ठरलेल्या रकमेच्या आत, विमाच देतो.

आठ आठवडे! आषाढीही होईल, कार्तिकीही होईल, आणि माहेरपणालाही दिवस उरतील.

परंतु सारे गोड सांगून थांबलो तर ते प्रवचन होईल, विचार होणार नाही. महिना ५९९ युरो हा त्या देशात पगार नव्हे. त्यात कोणाचे घर चालत नाही. सेवागृह सरकारला महाग पडते, घर स्वस्त पडते. मग घरच्या बाईला थोडके देऊन खाटेपाशी बसविले आणि वर तिला देवी म्हटले, की काम भागले, असेही होऊ शकते. पुंडलिकाच्या घरची चूल तिथेही बहुतेक बायकाच पेटवितात.

याच कारणासाठी जपानने वेगळी वाट धरली. जपानात सासूसासऱ्यांची सेवा थोरल्या सुनेने करायची, ही आपल्याहूनही कडक रीत. १९७२ साली आरियोशी सावाको या लेखिकेने भ्रमिष्ट सासऱ्याचे सारे करणाऱ्या सुनेवर कादंबरी लिहिली, आणि ती लाखोंनी खपली. म्हणजे घरोघरी ही सून होतीच. १९७३ मध्ये सत्तरीपुढच्यांचे औषधपाणी फुकट झाले, तेव्हा घरच्यांनी म्हाताऱ्यांना इस्पितळांतच ठेवायला सुरुवात केली. आजार नाही, पण घरी करायला कोणी नाही, म्हणून वर्षानुवर्षे इस्पितळात! एप्रिल २००० मध्ये तेथे सेवा-विमा सुरू झाला. चाळिशी उलटली की वर्गणी. अर्धा खर्च त्यातून, अर्धा करातून. पण घरच्यांना रोख भत्ता द्यावा काय, यावर मोठा वाद झाला, आणि स्त्रियांच्या संघटना म्हणाल्या, देऊ नका. पैसे दिलेत की सासरचे म्हणतील, तुला मिळतात ना, मग बैस खाटेपाशी. म्हणून तेथे रोख नाही. सेविका घरी येते, किंवा म्हाताऱ्याला दिवसभर सेवाकेंद्रात नेऊन संध्याकाळी घरी पोहोचविते. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो.

कोणाचे बरोबर? मला आधी जर्मनीचे पटले होते. सूनबाईंना जपानचे पटले. "पैसं नकोत," म्हणाल्या, "रातीचं एकदा कूस बदलायला माणूस द्या. झोप हवी." यापुढे माझा तर्क चालेना. तरी जपानातही सुटले नाही ते नाहीच. २०२२ च्या तेथील सरकारी पाहणीत, घरच्यांच्या सेवेसाठी वर्षभरात नोकरी सोडलेली माणसे लाखाहून अधिक निघाली, आणि त्यांत बहुसंख्य बायका.

आणखी एक काटा आहे, तो झाकून ठेवता येणार नाही. जर्मनीतल्या कितीतरी घरांत पोलंड, बल्गेरिया अशा देशांतून आलेल्या बायका चोवीस तास राहून आजीआजोबांचे करतात. कागदावर कामाचे तास थोडे, जागरण पूर्ण. अशाच एका बल्गेरियन बाईने दावा लावला. २०२१ साली तेथील सर्वोच्च कामगार न्यायालयाने सांगितले, की हाकेला ओ देण्यासाठी ती जागी वा तयार राहिली तो वेळही कामाचाच, आणि त्यालाही किमान वेतन दिलेच पाहिजे. निवाडा चांगला झाला. पण त्या बाईची स्वतःची आई गावी असेल, तर तिची कूस कोण बदलीत होते? हा प्रश्न आता आपल्याही उंबऱ्यावर आला आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसे पाठविण्याचा करार केला. त्यात रुग्णसेवेची कामेही आहेत. आपली पोरेपोरी जर्मन भाषा शिकून तिकडच्या आजीची सेवा करायला जातील. जावोत; पोटासाठी जाणाऱ्याला दोष देणारा मी कोण? परंतु इकडच्या आजीचे काय, हे त्याच कागदाच्या पाठीवर लिहायला हवे होते.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २००७ सालच्या कायद्याने मुलांवर आईबापांच्या पोटगीची जबाबदारी टाकली आहे. त्यांना टाकून देणाऱ्याला तीन महिने तुरुंग किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. श्रावणबाळाच्या नावाने निवृत्तिवेतनाची योजनाही आहे. गरीब म्हाताऱ्याला त्याने मीठभाकरीचा आधार होतो. पण टाकून देणाऱ्या मुलाचे पाहिले, टाकून न देणाऱ्याचे कोण पाहणार? आमच्या माळकऱ्यांनी आईला टाकले नाही, म्हणून त्यांच्या घरी कायद्याचा शिपाई येणार नाही. मदतीचे माणूसही येणार नाही.

"हे श्रीमंत देशांचे चोचले," असे कोणी म्हणेल. त्यांनी केरळकडे पाहावे. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्याचे एक लहान केंद्र निघाले. त्यातून मलप्पुरम जिल्ह्यात गावोगाव शेजारीपाजारी स्वयंसेवक उभे राहिले. २००८ साली राज्य सरकारने त्याचे धोरण केले, आणि ग्रामपंचायती आपल्या निधीतून नर्स नेमून तिला खाटेला खिळलेल्यांच्या घरी पाठवू लागल्या. ती जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना कूस कशी वळवावी हे शिकविते. रोज येत नाही, चोवीस तास थांबत नाही. पण ठरल्या दिवशी दारात येते. पंढरीचा देव तरी आणखी काय करतो? पुंडलिकाने आईबापांना उचलून राउळात नेले नव्हते. राउळच घराशी आले.

म्हणून सेवागृहे मोडून टाकावीत असे मात्र माझे म्हणणे नाही. ज्याला घरच नाही, ज्याच्या घरात मारहाण आहे, ज्याचा आजार चार भिंतींत आवरत नाही, त्याला चांगली संस्था हवी. आणि जड मनाने आईला तेथे ठेवून आलेल्या मुलामुलीला कीर्तनातून टोचून बोलू नये. मी बोललो आहे. पुष्कळदा बोललो आहे. समोर बसलेल्यांत तसा कोणी असेल हे तेव्हा ध्यानात आले नाही.

माळकऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी पुरते दिलेले नाही. वीस दिवस आईला वृद्धाश्रमात ठेवण्यात पाप आहे की नाही? माझे मत आता असे आहे, की तो प्रश्न त्यांच्या एकट्याच्या पदरात टाकणे हीच मोठी चूक होती, आणि ती माझीही होती. ज्या गावाने त्यांना पुंडलिक म्हटले, त्या गावाने तीन वर्षांत त्या खाटेला हात लावला नव्हता.

या १ मेच्या ग्रामसभेत आम्ही चारदोघांनी विषय काढला. पंचायतीने एका शिकलेल्या बाईला मानधन द्यावे. तिने गावातल्या नऊ खाटांवर, होय, मोजल्या तर नऊ निघाल्या, आळीपाळीने जावे. असे लेखाशीर्षच नाही, असे उत्तर मिळाले. कोणी म्हणाले, आधी गटारे होऊ द्या. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, गटारांचं मी मेल्यावर करा, आधी माझं बघा. त्यावर सभा हसली, आणि विषय १५ ऑगस्टच्या सभेवर गेला.

तोवर आषाढी आली. दिंडीतल्या दोघी बायका यंदा मागे राहणार आहेत, आणि सूनबाई तुळस घेऊन चालणार आहेत. रात्रीची पाळी माळकऱ्यांनी स्वतः घेतली आहे. कूस कशी वळवायची ते त्यांना आठ दिवस शिकावे लागले. सूनबाईंनी मला निरोप धाडला आहे, की १५ ऑगस्टच्या सभेला त्या येणार आहेत, आणि बायकांना आधी बोलू देतील का ते विचारून ठेवा.